घाटवाटेने वेरूळ

जळगाव-धुळ्याकडच्या व्यापारी घरांत वेरूळची यात्रा ठरते, ती बहुधा दुकानाच्या सुट्टीच्या हिशेबाने. पहाटे निघायचे, दुपारपर्यंत लेणी पाहायची, सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपेल अशा ठिकाणी पोहोचायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडायचे, असा तो आराखडा असतो. त्यामुळे जळगावची मंडळी अजिंठा-सिल्लोडच्या रुंद महामार्गाने जातात. धुळ्याकडच्या ज्यांना घाटाची वळणे सोसत नाहीत, ते नांदगाव आणि शिऊर बंगल्यावरून वळसा घेतात. या दोन्ही रस्त्यांवर प्रवास सुखाचा होतो. मात्र खानदेशाचे पठाराशी असलेले जुने नाते त्या वाटांवर फारसे दिसत नाही. ते नाते पाहायचे असेल, तर चाळीसगावला यावे लागते आणि समोर उभ्या असलेल्या सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेला सामोरे जावे लागते.

जळगावहून पाचोरा, भडगाव करीत चाळीसगाव गाठेपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, कपाशी आणि उसाची शेते सोबत करतात. गिरणेच्या खोऱ्यातील ही काळी जमीन सपाट आहे. चाळीसगाव ओलांडले की दक्षिणेच्या क्षितिजावर निळसर भिंत उभी राहते. चाळीसगावची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीनशे मीटर, तर घाटापलीकडच्या कन्नडची सहाशे मीटरहून अधिक. खानदेश आणि मराठवाडा यांच्यामध्ये ही एवढी एक पायरी आहे. ती चढण्यासाठी माणसाने निदान दोन हजार वर्षे वाटा शोधल्या आहेत.

घाट चढण्यापूर्वी चाळीसगावहून नैर्ऋत्येला सुमारे १८ किलोमीटरवर असलेल्या पाटण्याला जाणे अगत्याचे आहे. आज हे स्थान पाटणादेवी या नावाने ओळखले जाते. तिन्ही बाजूंनी डोंगराने वेढलेल्या या खोऱ्यात चंडिकेचे दगडी मंदिर आहे आणि भोवती दाट झाडी. यादवकाळात येथे भरभराटलेले नगर होते. येथे सापडलेल्या शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांचे लक्ष वेधले. ‘सिद्धान्तशिरोमणी’कार भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेव व हेमाडिदेव यांच्या घराण्याने त्याला दान दिले, हे त्या लेखातून कळते. लेखाचा काळ इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे.

व्यापाऱ्याने या लेखाचा शेवटचा, मराठी भाग विशेष लक्ष देऊन समजून घ्यावा. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाकडे वळवलेला आहे. सुपाऱ्यांचा वाटा नेमलेला आहे आणि तेलाच्या घाण्यामागे ठरावीक तेल लावून दिलेले आहे. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या खोऱ्यात जे गणित शिकवले गेले, त्याचा खर्च बाजारपेठेतल्या देवघेवीतून निघत होता. तेली, वाणी, दलाल आणि गिऱ्हाईक यांच्या रोजच्या व्यवहारावर एक विद्यापीठ चालले. दानाची पावती दगडावर कोरून ठेवण्याची ही रीत आजच्या पाठशाळांच्या आणि धर्मशाळांच्या भिंतींवरील संगमरवरी पाट्यांत टिकून आहे; आजच्या व्यापारी घरांना ती परकी वाटण्याचे कारण नाही.

पाटण्याचे दुसरे धन अधिक अबोल आहे. शेजारच्या कण्हेरगडाच्या डोंगरात ‘नागार्जुन कोठी’ नावाचे लेणे आहे. नाव नागार्जुनाचे असले, तरी लेणे जैन आहे. बाहेर व्हरांडा, आत लहान मंडप आणि मागच्या भिंतीशी पद्मासनस्थ तीर्थंकर, चवरीधारक, यक्ष-यक्षिणी असा त्याचा विस्तार आहे. शैलीने ते वेरूळच्या जैन लेण्यांचे धाकटे भावंड शोभते. येथवर पायीच चढावे लागते, वाट वनखात्याच्या हद्दीतून जाते आणि स्थानिक वाटाड्या सोबत असलेला बरा. वेरूळच्या इंद्रसभेसमोर हात जोडणाऱ्या खानदेशातील किती घरांना आपल्याच जिल्ह्यातील या जिनबिंबाची माहिती आहे, हा प्रश्न त्या मंडपात उभे राहिल्यावर टाळता येत नाही. तेथे धूप-दीप नाही, पूजाविधी नाही, पुजारीही नाही. अंधाराला डोळे सरावले की दगडातली ध्यानमुद्रा हळूहळू स्पष्ट होते. मुद्रा मोडलेली, झिजलेली आहे, तरी तिची शांतता कमी झालेली नाही.

पाटण्याहून वाहनाला पुन्हा चाळीसगावच्या बाजूला येऊन घाटरस्ता धरावा लागतो. लोक याला कन्नड घाट म्हणतात. सरकारी दप्तरी तो औट्रम घाट आहे. जेम्स औट्रम हा इंग्रज लष्करी अधिकारी १८२५ मध्ये खानदेशात आला आणि त्याने येथील भिल्लांची पलटण उभारली. धरणगाव हे तिचे ठाणे होते. ज्यांच्या पायांनी या डोंगरातील वाटा पिढ्यानुपिढ्या राखल्या, त्या भिल्लांचे नाव घाटाला मिळाले नाही, त्यांच्या सेनानीचे मिळाले. भोवतीचे जंगल १९८६ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले, तेही गौताळा औट्रमघाट या नावाने.

घाटात रस्ता डोंगराच्या कडेने वळत वर जातो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी आणि मागे वळून पाहिले तर खानदेशाचे सारे मैदान पायाशी पसरलेले. सोलापूर-धुळे महामार्गाचा हा टप्पा अनेक वर्षे अवजड वाहनांच्या रांगांनी गुदमरलेला असे. एक ट्रक अडकला की दोन्ही बाजूंची वाहतूक तासन्‌तास ठप्प होई. ऑगस्ट २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानुसार घाटातून अवजड वाहतूक बंद झाली. मालवाहू गाड्यांना लांबचा वळसा पडला. त्याचा भार चाळीसगावच्या अडत्यांवर आणि वाहतूकदारांवर आला, हे खरे. पर्यायी बोगद्याची चर्चा अनेक वर्षांपासून आहे. लहान गाड्यांच्या प्रवाशांना मात्र घाटाचे रूप आता निवांतपणे पाहता येते. एकाच रस्त्यावर एकाचा तोटा आणि दुसऱ्याचा लाभ कसा उभा राहतो, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

घाटमाथ्यावर पोहोचल्यावर पितळखोऱ्याची आठवण ठेवावी. कन्नडहून आंबाळ्याच्या बाजूने पठाराच्या कडेला जाऊन पायऱ्यांनी दरीत उतरले की ही बौद्ध लेणी लागतात. त्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. भडोचच्या बंदरातून निघालेला माल खानदेश ओलांडून, हीच डोंगररांग चढून पैठणला जात असे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नौकानयन-ग्रंथात भडोचहून पैठणपर्यंत दक्षिणेला वीस दिवसांचा प्रवास सांगितला आहे. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे आहेत. त्यांपैकी एक मितदेव, पैठणच्या गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापारी कुळातला. येथेच सापडलेली यक्षाची मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती घडवणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराने आपले नाव तिच्यावर कोरून ठेवले आहे. अत्तरवाला आणि सोनार, दोघेही बाजारपेठेतली माणसे. त्यांच्या काळच्या राजांची नावे शोधायला इतिहासाचे पुस्तक उघडावे लागते. या दोघांची नावे त्यांच्या दानात आणि कारागिरीत राहिली.

पुढे कन्नडहून वेरूळ तासाभराच्या आत येते. लेणी मंगळवारी बंद असतात, हे निघण्यापूर्वीच ध्यानात ठेवावे. ३० ते ३४ या क्रमांकांची जैन लेणी डोंगराच्या उत्तर टोकाला आहेत. इंद्रसभेत वेलींनी वेढलेले बाहुबली, उपसर्गात अचल राहिलेले पार्श्वनाथ आणि आंब्याच्या झाडाखाली बसलेली अंबिका आहे. लोक ज्याला इंद्र म्हणतात, त्याला अभ्यासक सर्वानुभूती यक्ष मानतात. लेण्यांच्या वर चारणाद्रीवर पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. तिच्या आसनावरील लेख शके ११५६ चा, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा आहे. चक्रेश्वर नावाच्या दानशूर श्रावकाने ती घडवून घेतली. पाटणचा मठ आणि ही मूर्ती यांच्यामध्ये अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. डोंगराच्या एका अंगाला बाजाराच्या पैशातून विद्या पोसली जात होती आणि दुसऱ्या अंगाला काही वर्षांतच एका गृहस्थाने आपले धन जिनबिंबाच्या चरणी ठेवले. महामार्गाने थेट वेरूळला उतरणाऱ्याला ही दोन्ही टोके एका प्रवासात जोडता येत नाहीत.

घाटवाट केव्हा धरावी, हा प्रश्न जैन घरांसाठी केवळ सोयीचा राहत नाही. हा डोंगर सर्वांत देखणा असतो तो श्रावण-भाद्रपदात. कड्यांवरून पाणी कोसळते, धवलतीर्थाचा धबधबा भरून वाहतो, ढग रस्त्यावर उतरतात. पण तोच चातुर्मासाचा काळ. साधू-साध्वींचा विहार थांबलेला असतो आणि श्रावकही अनावश्यक प्रवास टाळतात, कारण त्या दिवसांत ओल्या मातीचा प्रत्येक वितभर तुकडा जीवांनी भरलेला असतो. घाटातील ओल्या डांबरावर रात्री बेडूक, गोगलगाई, खेकडे आणि किडे उतरतात. गाडीच्या चाकाला ते दिसत नाहीत. घाटही त्या काळात भरवशाचा नसतो. ३१ ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत येथे दरडी कोसळल्या, वाहतूक बंद झाली आणि तितूर-डोंगरी नद्यांचे पाणी चाळीसगावात शिरले. हिरवाई पाहण्याची ओढ आणि जीवदयेचा नियम यांत निवड करायची झाली, तर परंपरेने तिचे उत्तर फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार पुन्हा सुरू होतो. घाटासाठीही तोच काळ योग्य. गवत सोनेरी होऊ लागलेले असते, पाणी अजून वाहत असते, हवा स्वच्छ असते आणि पाटण्याची चढण घसरडी राहत नाही. तेव्हाही वेग आवरताच ठेवावा. हे अभयारण्य आहे. येथे बिबट्याचा वावर आहे आणि मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत आलेला वाघ येथील कॅमेऱ्यात टिपला गेला. साधूंच्या ईर्यासमितीत चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. गाडी चालवणाऱ्या गृहस्थाला तो नियम तसाच पाळता येणार नाही. पण वळणावर वेग कमी करणे, कर्कश हॉर्न टाळणे आणि अंधार पडण्यापूर्वी घाट उतरणे त्याला जमते. चौविहार पाळणाऱ्या घरांना सूर्यास्तापूर्वी थांबण्याची सवय असतेच. या घाटात तीच सवय वन्यजीवांचेही रक्षण करते.

म्हणून या वाटेला एक दिवस अधिक द्यावा. पहिल्या दिवशी सकाळी पाटण्याची लेणी पाहून, सोबतच्या दशम्या डोंगराच्या पायथ्याशी खाऊन, दुपारच्या उजेडात घाट चढावा आणि संध्याकाळच्या आत वेरूळला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेणी आणि चारणाद्री होते. दुकान एक दिवस अधिक बंद राहील, तेवढा खर्च हिशेबात धरावा लागेल. त्यासमोर जमेच्या बाजूला मितदेव गंधी, कान्हदास सोनार, पाटणचे तेली आणि चारणाद्रीचे चक्रेश्वर यांची नावे लिहिता येतात. घरातील मुलांना आपल्या व्यवसायाचे पूर्वज दाखवण्यासाठी याहून जवळची जागा खानदेशात सापडणे अवघड आहे.