नोकरीची भाषा

हैदराबादच्या जुन्या मराठी घराण्यांना नोकरी आणि भाषा यांचे नाते कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. १८८०च्या दशकात निजामाच्या कारभारातून फारसी गेली आणि उर्दू आली, तेव्हा दफ्तरांतल्या आमच्या पूर्वजांनी लेखणी उर्दूकडे वळवली. १९४८च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि उर्दूत डौलदार मसुदे लिहिणाऱ्यांना उतारवयात इंग्रजीचे धडे गिरवावे लागले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आम्ही इथेच राहिलो, आणि तेलुगू ओघानेच आली. सेतुमाधवराव पगडींसारखा अधिकारी हौसेने गोंडीही शिकला, ती गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी भाषा शिकल्या त्या घरची चूल पेटती राहावी म्हणून.

१९९८ साली सायबर टॉवर्स उभे राहिले आणि आमच्या पुढच्या पिढीची चूल तिकडे पेटू लागली. अमीरपेठेत संगणकाच्या शिकवण्यांबरोबर ‘कम्युनिकेशन स्किल्स’च्याही पाट्या लागल्या. आमच्या मुलांनी, आणि खरे सांगायचे तर आम्हीही, त्याचा अर्थ घेतला तो अमेरिकन वळणाचा उच्चार आणि न अडखळता बोलणे एवढाच. या क्षेत्रातल्या मुलांचे काम जवळून पाहिल्यावर ध्यानात आले, की उच्चारावाचून फारसे कोणाचे अडत नाही. अडते ते दुसरीकडेच. आमच्या शहरात ‘परसों’ म्हणजे परवाही असू शकते आणि दहा वर्षांपूर्वीचे कोणाचे लग्नही. गप्पांच्या बैठकीत हा सैलपणा लोभस वाटतो. परंतु सातासमुद्रापलीकडच्या ग्राहकाने रात्री साडेदहाला ‘काम कुठवर आले?’ असे विचारल्यावर ‘होजाता साब’ या थाटाचे उत्तर इंग्रजीत दिले तर त्याला काहीच कळत नाही. इतके झाले, इतके राहिले, अमक्या कारणाने अडले आणि गुरुवारपर्यंत तमक्याकडून ही माहिती हवी, एवढे चार ओळींत लिहिता येणे, हे खरे कौशल्य. त्यात आणखी आमच्या घरांतला संस्कार आडवा येतो. ‘आपण बोलू नये, काम बोलते’ हे वाक्य आम्ही मुलांना इतक्या वेळा ऐकवले आहे, की आपण केलेल्या कामाची नोंद करणेही त्यांना बढाई वाटते.

मात्र चांगले बोलणाऱ्याची नोकरी टिकते, हा समजही भाबडा आहे. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमच्या अध्यक्षांनी हिशेबातील लबाडीची कबुली दिली, तेव्हा या शहरातील किती घरांत त्या रात्री जेवणे झाली नसतील! त्या कंपनीत उत्तम इंग्रजी बोलणारे काय कमी होते? कंपनी वाचली ती सरकारने संचालक मंडळ बदलल्यामुळे आणि एप्रिलमध्ये टेक महिंद्राने ती घेतल्यामुळे. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने बारा हजार आणि मायक्रोसॉफ्टने दहा हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले, त्यातही वक्तृत्वाचा काही संबंध नव्हता. छाटणीचा आकडा वर ठरतो. खाली फक्त नावे भरली जातात.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या पुतण्याचे नाव भरले गेले. नऊ वर्षे तो एका कंपनीत सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम करीत होता. एका दुपारी त्याला बंद खोलीत बोलावून अत्यंत गोड शब्दांत सांगण्यात आले, की कामगिरी असमाधानकारक आहे, तरी संध्याकाळपर्यंत स्वतःहून राजीनाम्याची मेल पाठवावी. म्हणजे कागद स्वच्छ राहतील. परदेशी ग्राहकांशी तासन्‌तास बोलणारा हा मुलगा तिथे गप्प झाला. निघताना मात्र त्याने एकच विचारले, ‘हे मला लेखी मिळेल का?’

लेखी काही मिळाले नाही. घरी आल्यावर त्याने आम्हाला फोन केला, ‘काका, राजीनामा देऊन मोकळा होऊ का? भांडल्याचा बभ्रा झाला तर पुढे कोण घेईल?’ ही भीती खोटी नव्हे. आम्ही जन्मभर फायलींत वावरलेले. त्याला एवढेच म्हणालो, की राजीनामा आणि छाटणी हे दोन निराळे शब्द आहेत. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार, तांत्रिक काम करणारा आणि व्यवस्थापकीय अधिकार नसलेला माणूस ‘कामगार’ ठरू शके. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराची छाटणी करायची तर महिन्याची लेखी सूचना किंवा तितके वेतन द्यावे लागे, शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यातही ही तरतूद आहे. स्वखुशीने राजीनामा देणाऱ्याला मात्र ती लागू नाही.

रात्री बसून त्याने इंग्रजीत पत्र लिहिले. त्यात एकही विशेषण नव्हते. रुजू झाल्याची तारीख, आजवरची कामे, दुपारच्या बैठकीची वेळ व तिथे झालेले बोलणे, आणि ‘मी राजीनामा देत नाही’ हे वाक्य. दर शुक्रवारी वरिष्ठांना कामाचे टिपण पाठवण्याची सवय त्याला होती. त्यावरची त्यांची पसंतीची उत्तरे त्याने जोडली. महिनाभर पत्रापत्री चालली. अखेर असमाधानकारक कामगिरीचा शेरा मागे घेतला गेला आणि सूचना-काळाच्या वेतनाव्यतिरिक्त नऊ वर्षांचे साडेचार महिन्यांचे वेतन हातात आले. ग्रॅच्युइटी निराळी, पाच वर्षांवर सेवा असल्याने ती मिळायचीच होती.

नोकरी गेली ती गेलीच. दुसरी मिळायला सात महिने लागले, आणि तिथला पगार पहिल्याहून कमी आहे. आमच्या वहिनींनी त्या पत्रांच्या छापील प्रती घराच्या खरेदीखताच्या पिशवीत ठेवल्या आहेत. पुतण्या हसतो, म्हणतो, ‘आई, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे.’ वहिनी ऐकत नाहीत.