स्वच्छ प्रत

इंदापुराहून बारामतीस पुतण्याकडे गेलों होतों. मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) या गांवीं आम्हांस आर्येचा अन्वय आठवावा हें साहजिकच. पण संगणकापुढें बसलेल्या पुतण्याचा निराळाच अन्वय चालला होता.

"काका, कंपायलर आज्ञावली वाचून तिचा एक वृक्ष रचतो. त्या वृक्षावरून तीच आज्ञावली पुन्हा नीटनेटकी छापून देतो. ती बरोबर उतरते कीं नाहीं, हें तपासतों आहें."

"तपासतोस कसें?"

"छापलेली प्रत पुन्हा वाचावयास द्यायची व पुन्हा छापायची. दोन्ही प्रती अक्षरशः जुळल्या पाहिजेत. रस्ट भाषेच्या कंपायलरसाठीं अशाच कसोट्या आहेत."

आम्हांस शंका आली. १० − (४ − १) यांतील कंस छापतांना गळला, तर १० − ४ − १ उरेल. ७ चे ५ होतील. ही चुकलेली प्रत कितीही वेळां छापली तरी तशीच निघेल. प्रती जुळल्या, अर्थ मात्र गेला!

पुतण्या हंसला. "म्हणून मूळ वृक्षाशींही ताडून पाहावें लागतें. जागोजाग कंस घातले तर अर्थ राहतो, पण वाचवत नाहीं. नेमका कोठें हवा, तेंच अवघड."

आम्ही गप्प झालों. इंदापुरास शिकवीत असतां आमचा नीटनेटकेपणाचा कटाक्ष फार. एका मुलाच्या कच्च्या वहींत कंसांची गर्दी असे. "हे कंस काढ, स्वच्छ प्रत आण," असें आम्हीं बजावलें. त्यानें सगळेच कंस काढले. उत्तर मात्र पूर्वीचेंच, म्हणजे बरोबर, ठेवलें. मांडणीवरून तें उत्तर निघेना. त्यानें नक्कल केली असें ठरवून आम्हीं गुण कापले व चारचौघांत बोललों. त्यानें कच्ची वही पुढें केली. आम्हीं ती उघडली नाहीं.

वेदपाठकांनीं संहितेबरोबर पदपाठही जपला. संधींत जें झांकलें जातें, तें पदपाठांत उघडें राहतें. ऋग्वेदाच्या पदपाठकार शाकल्याचें नांव आम्ही वर्गांत आदरानें सांगत असूं; आणि हातभर अंतरावरची वही उघडण्याचें आम्हांस सुचलें नाहीं!

असो. तो मुलगा आज कोठें आहे, हें आम्हांस ठाऊक नाहीं. घरोघरीं मुलांचा अभ्यास पाहणाऱ्या वडील मंडळींस एवढीच विनंति, कीं स्वच्छ प्रतीवर शेरा मारण्यापूर्वीं कच्ची वहीही मागून घ्यावी.