पत्ता आणि कारण

मामाच्या मानेला, कानाच्या जरा खाली गाठ आली होती. दुखत नव्हती, म्हणून दोन महिने त्याने कुणाला सांगितलंच नाही. सुईने तपासणी झाली तेव्हा कळलं, कर्करोग आहे. पण तो त्या गाठीत सुरू झालेला नाही, दुसरीकडून तिथे आलाय. तोंड, जीभ, घसा तपासून झाले, पेट स्कॅनही झाला. मूळ जागा सापडेना.

नातेवाइकांना ती लगेच सापडली. "चोरून तंबाखू खात असणार." मामाने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही.

एरर एका फाइलमध्ये दिसते आणि चूक भलत्याच फाइलमध्ये असते, हे माझं रोजचं काम. इथे मात्र त्या शोधावर उपचार अवलंबून होते. मूळ जागा कळली नाही, तर संशय असलेल्या सगळ्याच भागावर किरणोपचार करावे लागले असते.

डॉक्टरांनी गाठीच्या तुकड्यावर दोन तपासण्या सांगितल्या. 'पी १६' पॉझिटिव्ह आली तर एचपीव्ही या विषाणूचा, आणि पर्यायाने टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाचा संशय. 'ईबर' पॉझिटिव्ह आली तर एपस्टाईन-बार विषाणूचा, म्हणजे नाकाच्या मागच्या पोकळीचा. मामाची ईबर पॉझिटिव्ह आली. मग दुर्बिणीने त्या पोकळीतले तुकडे घेतले. वरून साध्या दिसणाऱ्या जागी कर्करोग निघाला. नागालँडमध्ये आणि दक्षिण चीनमध्ये तो बराच आढळतो, आपल्याकडे क्वचित.

हा विषाणू १९६४ साली एपस्टाईन, अचोंग आणि बार यांनी उजेडात आणला. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो गुपचूप राहतो. म्हणून तो अंगात आहे का, एवढं विचारून भागत नाही. कुठल्या पेशींत आहे, हे पाहावं लागतं. ईबर तपासणीत काचपट्टीवर त्याच पेशी रंगतात. मामाच्या कर्करोगाच्या पेशी रंगल्या होत्या.

सात आठवडे किरणोपचार, सोबत सिस्प्लॅटिन. मोठी शस्त्रक्रिया नाही, कारण हा कर्करोग किरणांना चांगली दाद देतो. मामाचं तोंड कोरडं पडलं, चव गेली. एकदा गाडीत त्याने विचारलं, "अरे, पण मलाच का?" रिपोर्टमध्ये पत्ता होता, कारण नव्हतं. मी गप्प बसलो.

"विषाणूमुळे झालंय" असं मामीने सगळ्यांना सांगितलं. तंबाखूचा विषय थांबला आणि मामाचा पेला वेगळा ठेवला जाऊ लागला. तो विषाणू लाळेतून पसरतो हे खरं. पण पेला वेगळा ठेवणाऱ्यांच्या अंगातही तो बहुधा लहानपणीच आलेला, कुणाच्या तरी उष्ट्यातून. माझ्याही.

त्या दिवशी जेवताना मी मामाच्याच पेल्यातून पाणी प्यायलो. मामी बघत होती. दुसऱ्या दिवशी तो पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत होता.