गाडीखाली वाकून बघा



जूनमध्ये मेलबर्नला मुलाकडे आले. कुठे फिरायला जाऊ या म्हटलं की माझं एकच उत्तर, "चातुर्मास होऊ दे." कार्तिकी पौर्णिमा झाली आणि नातीने कॅलेंडरच समोर आणून धरलं. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आम्ही फिलिप आयलंडला निघालो.

आधी घरातली एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. जून-जुलैत तिथे थंडी. पाच वाजून गेले की अंधार. आम्ही दोघं सूर्यास्ताआधी जेवून घ्यायचो. मुलगा ऑफिसातून यायचा सातला, म्हणजे त्याचं जेवण रोज रात्रीच. मी बोलले काही नाही, पण तो ताट घेऊन बसला की मी जपमाळ घेऊन खोलीत जायचे. पाच महिने हेच चाललं होतं. त्यालाही कळत होतं, मलाही.

असो. मेलबर्नपासून साधारण १४० किलोमीटर. बेट म्हणजे बोटीने जायचं असं मी धरून चालले होते, पण सॅन रेमो गावापासून चांगला पूल आहे. डब्यात दशम्या, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी आणि केळी.

पहिल्यांदा कोआला बघितले. झाडांच्या उंचीवर लाकडी पूल बांधलेत, त्यामुळे फांदीवरचा कोआला अगदी डोळ्यांसमोर येतो. निलगिरीची पानं खायची आणि दिवसातले अठरा-वीस तास झोपायचं. हे म्हणाले, "शाकाहारी आणि अल्पपरिग्रही!" तिथून बेटाच्या पश्चिम टोकाला, नॉबीजला. समोर समुद्रात सील रॉक्स नावाचे खडक आहेत, त्यावर हजारो सील राहतात. दुर्बिणीतून काळे ठिपके हलताना दिसले. वाटेच्या कडेलाच सीगल पक्ष्यांची घरटी होती, त्यांत करड्या रंगाची पिल्लं. कोणी हात लावत नव्हतं.

या बेटावर अलास्काकडून हजारो किलोमीटर उडत एक पक्षी येतो आणि जमिनीत बीळ करून अंडं घालतो. त्याला इथे मटनबर्ड म्हणतात. नाव का पडलं ते विचारलं आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

खरं आकर्षण संध्याकाळचं. जगातले सगळ्यात छोटे पेंग्विन, उंची फूटभर, वजन किलोभर. दिवसभर समुद्रात मासे पकडतात आणि अंधार पडल्यावरच किनाऱ्यावर येतात, कारण उजेडात शिकारी पक्ष्यांची भीती. बिळात पिल्लं वाट बघत असतात. आठ वाजून गेल्यावर सूर्य मावळणार होता, म्हणून साडेसातलाच डबा उघडला. वारा इतका गार की माझे दात वाजायला लागले. शाल मुक्कामाच्या खोलीवर राहिली होती. मुलगा काही न बोलता उठला आणि गाडी घेऊन शाल आणायला गेला. तो परत येईपर्यंत सूर्य मावळला होता.

फोटो काढायला तिथे मनाई आहे, म्हणून सगळे नुसते बघत बसलेले. पाण्याच्या कडेला आधी एक पांढरा ठिपका, मग दहा-बारा. घोळका थोडा पुढे यायचा, घाबरून परत पाण्यात पळायचा. शेवटी एकदम धीर करून सगळे डुलत डुलत वाळू ओलांडून गेले. आमच्या पायाजवळून गेले तेव्हा झुडपांतून पिल्लांचा कलकलाट ऐकू येत होता.

नात म्हणाली, "आजी, हे मासे खातात. मग यांना पाप लागतं?" त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काही खाताच येत नाही, असं म्हणणार होते. पण महावीरांच्या पूर्वभवातल्या सिंहाची गोष्ट मीच तिला सांगितली होती, ज्याने मुनींचा उपदेश ऐकून मांस सोडलं. म्हणून एवढंच म्हटलं, "त्यांचा हिशोब आपण लिहायचा नसतो गं." बोलले आणि माझं मलाच कुठेतरी लागलं.

तिथे एक माहिती मिळाली. या किनाऱ्यावर पूर्वी समरलँड नावाची घरांची वसाहत होती. घरं, कुत्री, गाड्या यांमुळे पेंग्विन संपत चालले. १९८५ मध्ये सरकारने ठरवलं की वसाहतच विकत घ्यायची. एकेक घर घेत, पाडत २०१० मध्ये ते काम पुरं झालं. मी कॉमर्सवाली. पंचवीस वर्षं पैसा ओतायचा आणि मोकळी जमीन पेंग्विनना द्यायची, असा ताळेबंद मी पहिल्यांदाच बघितला. अपरिग्रहावर प्रवचनं पुष्कळ ऐकली आहेत हो.

बाहेर गाड्यांच्या जागेत पाटी होती: निघण्यापूर्वी गाडीखाली बघा, पेंग्विन बसलेला असू शकतो. बऱ्याच जणांनी वाकल्यासारखं केलं आणि निघाले. माझा मुलगा मात्र मोबाईलचा टॉर्च लावून त्या गार डांबरावर चक्क आडवा झाला. चारही चाकं बघितली. मग उठून म्हणाला, "लहानपणी मुंगी दिसली की तू मला उचलून पलीकडे ठेवायचीस, आठवतं?"

खोलीवर पोचायला दहा वाजून गेले. तो उपाशीच होता. दशम्या गरम केल्या, दही वाढलं आणि जपमाळ बाजूला ठेवून त्याच्यासमोर बसले. माझा नियम माझ्याजवळ आहे, तो सुटणार नाही. पण शाल आणायला जाऊन जेवायचा राहिलेला मुलगा एकटा जेवतो आणि आपण खोलीत जप करतो, यात मला कुठला धर्म साधत होता, हे त्या रात्री मला सांगता आलं नसतं.

जप झोपण्यापूर्वी केला. थोडा उशिरा झाला, एवढंच.