वाट चुकले, पण डोंगर सापडला

यंदा आमची सहल शिवनेरी किल्ल्यावर गेली होती. याच किल्ल्यावर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. आम्ही सात दरवाजे मोजत मोजत चढलो. शिवाई देवीच्या पाया पडलो.

वर गेल्यावर मी कोणाला न सांगता गंगा-जमुना टाकी पाहायला गेले. मागे वळून पाहते तर एकही मुलगी नाही! खूप हाका मारल्या. सगळ्या वाटा सारख्याच. मला रडूच फुटले. मग गुरुजींचे बोलणे आठवले, "चुकलात तर एका जागी बसा, भटकू नका." मी एका दगडावर बसले.

समोर दूर लेण्याद्रीचा डोंगर दिसत होता. मी चित्रात डोंगर काढते ते दोन त्रिकोण आणि मधे सूर्य. हा तसा नव्हताच! माथा सपाट, कडे काळे, थरावर थर, जशी आईने रचलेली भाकरीची चवड. बघता बघता माझे रडे थांबले.

तेवढ्यात गुरुजी धावत आले. मोजताना एक मुलगी कमी भरली होती. ते रागावले नाहीत, पण त्यांचा हात थरथरत होता. मला फार वाईट वाटले.

घरी येऊन मी चुलीतल्या कोळशाने तो डोंगर काढला. तो शेजारीच लावला आहे. सगळे विचारतात, "सूर्य कुठाय गं?" सूर्य माझ्या पाठीमागे होता.

मुलांनो, न सांगता कुठे जाऊ नका. आणि डोंगर काढायचा तर आधी नीट बघा.