‘फॉरमॅट मारा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

संगणक चालू होत नाही म्हटलं की आपल्याकडे पहिला सल्ला येतो, “फॉरमॅट मारून टाका.” दुसरा येतो, “तुम्ही हात लावू नका, जाणकार माणूस बोलवा.” आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला हे दोन्ही सल्ले एकाच दुपारी मिळाले. दोन्ही चुकीचे होते. का चुकीचे होते ते नीट सांगितलं पाहिजे. ज्यांना लिनक्समध्ये रस नाही त्यांनीही वाचावं, तांत्रिक भाग वाटतो तेवढा अवघड नाही.

अभ्यासिकेत एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून चालतो. त्यावर उबुंटू 20.04 होतं. स्पर्धा परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, बाबासाहेबांच्या खंडांच्या पीडीएफ, शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी स्कॅन केलेले जातीचे आणि उत्पन्नाचे दाखले, आणि मुलामुलींनी स्वतः काढलेल्या नोट्स, असा सगळा ऐवज त्यात. वायफायवरून जो तो आपल्या मोबाइलवर उघडतो, डेटा पॅक लागत नाही. 20.04 ला मिळणारा पाच वर्षांचा नेहमीचा सुरक्षा आधार 2025 च्या मे महिन्यात संपला. लोकांचे दाखले ज्या मशीनवर आहेत ते सुरक्षा दुरुस्त्यांशिवाय नेटवर्कवर ठेवणं बरोबर नाही, म्हणून 22.04 वर जायचं ठरलं. अभ्यासिकेतल्याच दोघांनी अपग्रेड लावलं. बराच वेळ पडद्यावर ओळी सरकत राहिल्या आणि शेवटी मशीन रीस्टार्ट झालं.

मग ते थांबेचना. लोगो, काळा पडदा, पांढऱ्या अक्षरांचा लोंढा, दहा सेकंद, पुन्हा लोगो. यालाच रीबूट लूप म्हणतात.

दुरुस्तीवाल्याने फोनवरच निकाल दिला: फॉरमॅट. मशीन न बघता. दाखल्यांच्या मूळ प्रती घरोघरी होत्या, नोट्स मात्र फक्त याच डिस्कवर होत्या. तीन वर्षांच्या नोट्स. एका मुलीने इतिहासाचा सगळा अभ्यासक्रम मराठीत उतरवून काढला होता, कारण तिला हवं तसं पुस्तक मिळालं नव्हतं. फॉरमॅटने मशीन चालू झालं असतं, यात शंका नाही. पण ताप आला म्हणून रुग्णच बदलायचा, यातला हा प्रकार.

लूपबद्दल पहिली गोष्ट समजून घ्या. मशीन आपलं आपण रीस्टार्ट होतं तेव्हा अनेकदा कुणीतरी त्याला तसं सांगितलेलं असतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, पुढे जाणं अशक्य झालं की ‘पॅनिक’ होतो. सहसा तो तिथेच थिजतो आणि कारण पडद्यावर तसंच राहतं. पण आमच्या मशीनच्या बूट सेटिंगमध्ये ‘पॅनिक=10’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे पॅनिक झालास तर दहा सेकंदांनी रीस्टार्ट हो. रात्री अभ्यासिकेत कुणी नसतं, म्हणून ज्याने मशीन बसवलं त्याने सोयीसाठी ते घातलं होतं. हेतू चांगला. परिणाम असा की मशीन दर वेळी आपल्या आजाराचं कारण सांगत होतं आणि कुणी वाचायच्या आत ते पुसून टाकत होतं.

म्हणून दुरुस्तीच्या आधी लूप थांबवायचा. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरली (नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप) की ग्रबचा मेनू येतो. हव्या त्या नोंदीवर ‘ई’ दाबलं की बूटच्या ओळी उघडतात. ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘पॅनिक=10’ खोडायचं आणि एफ10 दाबायचं. हा बदल तेवढ्या एका बूटपुरता असतो, डिस्कवर काही लिहिलं जात नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. घरच्या उबुंटूवर हे करत असाल तर त्याच ओळीतले ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्दही काढा. ते संदेश लपवण्यासाठीच असतात.

आता पडदा स्थिर राहिला. शेवटून काही ओळी वर होतं: ‘कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (0,0)’. मराठीत सांगायचं तर कर्नल उठला, पण त्याला त्याचं घर सापडलं नाही. आमच्यासारख्या मशीनवर मुख्य डिस्कपर्यंतची वाट कर्नलला एक छोटी फाइल दाखवते, तिला इनिटआरडी म्हणतात. ती फाइल नव्या कर्नलसाठी तयारच झाली नव्हती.

का नाही, हे जुन्या कर्नलने सांगितलं. उबुंटू अपग्रेडमध्ये चालू असलेला जुना कर्नल सहसा काढत नाही. ग्रबच्या ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये 5.15 च्या खाली जुना 5.4 उभा होता. तो निवडला आणि मशीन सुरळीत सुरू झालं. सगळ्यात आधी नोट्स आणि दाखले बाहेरच्या डिस्कवर उतरवले. डेटा बाहेर निघेपर्यंत दुरुस्तीची एकही कमांड द्यायची नाही, घाई कितीही असो. मग ‘डीएफ’ कमांडने जागा पाहिली. ‘/बूट’ हा वेगळा, जेमतेम 500 एमबीचा कप्पा, 100 टक्के भरलेला. त्यात जुने चार कर्नल आणि प्रत्येकाची भलीमोठी इनिटआरडी. पाचवीला जागा कुठून मिळणार? अपग्रेडच्या लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी ओळ होतीच, शेकडो ओळींच्या पोटात.

इथे मोह होतो की ‘/बूट’मधल्या फाइली सरळ डिलीट कराव्यात. ते करू नका. पॅकेज व्यवस्थेला वाटत राहतं की त्या अजून आहेत आणि पुढे वेगळाच गोंधळ होतो. ‘युनेम -आर’ने चालू कर्नल कोणता ते पाहिलं, तो सोडून जुने दोन कर्नल ‘डीपीकेजी’ने पॅकेज म्हणून काढले, आणि अर्धवट राहिलेली कामं ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ने पूर्ण करून घेतली. त्यानंतर ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’ आणि ‘अपडेट-ग्रब’. नवी इनिटआरडी ‘/बूट’मध्ये आल्याचं डोळ्यांनी पाहिलं, मगच रीस्टार्ट. 22.04 उभं राहिलं. खर्च शून्य रुपये.

समाजशास्त्राच्या एमएला आम्हाला ब्रुनो लातूर होता (नाव घेतलं की वर्गात मराठवाड्याची मुलं हसायची). त्याचं म्हणणं, यंत्र नीट चालत असलं की त्याचं आतलं सगळं दिसेनासं होतं, ते काळी पेटी होऊन बसतं. पेटी बिघडते तेव्हाच आत पाहायची संधी मिळते. फॉरमॅट म्हणजे ती संधी बंद करणं. आणि “हात लावू नका” म्हणजे ती दुसऱ्याच्या हवाली करणं. हात लावू नका, हे वाक्य आपल्या आजी-आजोबांनी पाणवठ्यावर ऐकलं, आपण ते कॉम्प्युटर लॅबमध्ये ऐकलं. ते तांत्रिक सल्ल्याच्या आवाजात आलं म्हणून निमूट ऐकून घ्यायचं नाही.

मात्र एक गोष्ट मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांना सांगायची आहे. लिनक्सचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे हे खरं, पण वस्तीतल्या मुलाला तेवढ्याने दार उघडत नाही. पॅनिकचा संदेश इंग्रजीत येतो, काळ्या पडद्यावर येतो, आणि मराठी माध्यमातला मुलगा तो वाचण्याआधीच स्वतःला नापास करून मोकळा होतो. आमच्याकडच्या दोघांना ती ओळ वाचता येत होती. फक्त ती आपल्यासाठी लिहिलेली आहे असं त्यांना वाटत नव्हतं. म्हणून वरच्या सगळ्या पायऱ्या त्या दोघांनीच केल्या. मी शेजारी बसून प्रश्न विचारत होतो.

‘पॅनिक=10’ परत घालायचं की नाही, यावर अभ्यासिकेत वाद सुरू आहे. माझं मत, घालू नये. लाइट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू व्हावं यासाठी बहुतेक डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वेगळी सेटिंग असते, त्याचा पॅनिकशी संबंध नाही. पॅनिक झालाच तर सकाळी कुलूप उघडणाऱ्याला ती ओळ पडद्यावर दिसली पाहिजे. इतिहासाच्या नोट्सवाली मुलगी म्हणते, “आणि परीक्षेच्या आदल्या रात्री झालं तर? दादा, तेव्हा मला ओळ नको, नोट्स हव्यात.” यावर रविवारच्या बैठकीत बोलायचं आहे. तोवर तिने सगळ्या नोट्सची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवली आहे.