सेक्रेटरी काकांची मोटर

मी नाशिकमध्ये लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करतो. 2020 च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे एकामागून एक तारखा रद्द झाल्या आणि एरवी रात्रभर रेंडर करत बसणारा माझा कॉम्प्युटर रिकामा पडला. ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या मोबाइलवर 'रसोडे में कौन था' वाजायला लागलं. 'साथ निभाना साथिया' या मालिकेतला एक जुना प्रसंग तेव्हाच्या औरंगाबादच्या यशराज मुखाटेने उचलून त्याचं गाणं केलं होतं. सासू कोकिलाबेन विचारते, स्वयंपाकघरात कोण होतं? आणि कळतं, की राशीने कुकरमधले चणे काढून घेऊन रिकामा कुकर गॅसवर चढवला. (राशी झालेली रुचा हसबनीस मराठीच, हे आमच्या घरात आईने दिवसातून दोनदा सांगितलं.)

पोट धरून हसून झाल्यावर मी ते हेडफोन लावून ऐकलं. या मुलाने कोकिलाबेनच्या तोंडी नवं काहीच घातलेलं नव्हतं. कोकिलाबेन झालेल्या रुपल पटेल यांचा तो करडा, शब्दागणिक तोललेला प्रश्न मुळातच लयीत होता. त्याखाली स्वर ठेवल्यावर ती लय सगळ्यांना ऐकू आली, एवढंच. मालिका 2010 मध्ये सुरू झालेली. म्हणजे कित्येक वर्षं ते गाणं तिथे पडून होतं.

बोलण्यातलं गाणं हा काही माझ्या डोक्यातला खेळ नाही. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांना 1995 मध्ये स्वतःच्याच रेकॉर्डिंगमधला एक तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहिलेला ऐकून कुणीतरी गातंय असं वाटलं होतं. आवाज तोच होता, त्यात कसलाही बदल केलेला नव्हता. एखादं वाक्य सलग पाच-सात वेळा ऐकलं, की कान अर्थ सोडून चढ-उतार पकडतो. रीमिक्सचं निम्मं काम हा कानच करतो. आपण फक्त योग्य वाक्य निवडून द्यायचं.

मला ते वाक्य आमच्या सोसायटीच्या सभेत मिळालं. टाळेबंदी सैल झाल्यावर सभा पार्किंगमध्ये अंतर राखून भरली आणि कुणीतरी ती मोबाइलवर शूट करून ग्रुपवर टाकली. सेक्रेटरी काका उभे राहिले आणि म्हणाले, "टाकी भरली की मोटर बंद करा." कुणी दाद देईना, म्हणून पुन्हा म्हणाले. मग चिडून तिसऱ्यांदा, या वेळी 'करा'वर आवाज चांगलाच चढवून. मी घरी येऊन ती फाइल टाइमलाइनवर टाकली.

पहिली कटकट मोबाइलची. मोबाइल उजेड पाहून फ्रेमचा वेग कमी-जास्त करतो. त्यामुळे एडिटिंगमध्ये आवाज पुढे आणि ओठ मागे राहतात. आधी सगळी क्लिप एकसारख्या वेगाची करून घ्यावी लागते. आमच्याकडे 25 फ्रेमचा हिशेब, म्हणजे एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. लग्नाच्या व्हिडिओत अक्षता एक फ्रेम उशिरा पडल्या तर नवरदेवाच्या मामालाही कळत नाही. इथे मात्र 'ट' एक फ्रेम उशिरा आला की हसू येतच नाही. म्हणून आवाज वेगळा काढून फ्रेमपेक्षा बारीक कापायचा आणि चित्र नंतर त्याच्यामागून आणायचं. चित्र आधी लावून मग आवाज बसवू पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांचे व्हिडिओ पाहताना मला दात घासताना ब्रश हिरडीला लागल्यासारखं होतं.

काकांच्या वाक्यात व्यंजनांची चंगळ होती. तोंडाने ताल धरणारे बीटबॉक्सवाले 'ब'चा ढोल करतात, 'ट'ची झांज आणि 'क'चा फटका. 'मोटर बंद करा' यात तिन्ही आहेत. सूर मात्र मुख्यतः स्वरात राहतो. 'मो'मधला ओ आणि 'करा'मधला शेवटचा आ या दोन जागा मला ताणता, वर-खाली करता येत होत्या. सूर सरकवायला ऑटोट्यूनच्या जातीचं सॉफ्टवेअर लागतं. हे ऑटोट्यून 1997 मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी भूगर्भातून परतणाऱ्या लहरींचं गणित करत होते. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. माझा मात्र एक नेम आहे: मूळ सुरापासून फार लांब जायचं नाही. काकांचा 'करा' मी दोन-तीन स्वर वर नेला तेव्हा तो कार्टूनमधल्या उंदराचा झाला. परत खाली आणून नुसता सरळ केला, आणि चिडलेले काका जसेच्या तसे राहिले.

गंभीर माणूस गंभीरच राहिला पाहिजे, यावर माझा फार भर आहे. 'डाउनफॉल' या 2004 च्या जर्मन सिनेमातला बंकरमधला हिटलर जगभर वापरला गेला. खाली खोटी सबटायटलं घालून त्याला कधी फुटबॉलवर, कधी निवडणुकीवर ओरडायला लावलं गेलं. 2010 मध्ये निर्मात्या कंपनीने यूट्यूबवरून असे बरेच व्हिडिओ उतरवायला लावले, पण दिग्दर्शक ओलिव्हर हिर्शबीगल यांना ते आवडत होते. ते व्हिडिओ चालतात कारण हिटलर झालेला ब्रुनो गान्झ पडद्यावर एक क्षणही विनोद करत नाही. तरी मला तो प्रकार सोपा वाटतो. प्रेक्षकाला जर्मन येत नाही, या भरवशावर सगळा डोलारा. मराठी ऐकणाऱ्यासमोर मराठी वाक्य ठेवून, त्यातला शब्दही न बदलता हसवायचं, तर लपायला जागा नसते.

काकांच्या तिसऱ्या 'करा'वर तळमजल्याच्या खिडकीतून कुकरची शिट्टी आली होती. मी ती काढून टाकायला बसलो आणि पाहिलं तर ती बरोबर समेवर पडत होती. तशीच ठेवली. शेजारच्या वहिनी मास्क नाकावर ओढतात तो हात मी प्रत्येक चौथ्या मात्रेला आणला. खाली हार्मोनियम, आणि शेवटी चेअरमनचं नुसतं "हं".

तयार झालं, पण ग्रुपवर टाकायला हात धजेना. मालिकेतल्या नटीचा आवाज घेणं वेगळं, तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाचा घेणं वेगळं. रुपल पटेल यांनी मुखाटेचं कौतुक केलं; पण त्या कलावंत आहेत आणि ते वाक्य त्यांच्या भूमिकेचं होतं. अमेरिकेत 2010 मध्ये ग्रेगरी ब्रदर्सनी अँटोइन डॉडसन या तरुणाच्या टीव्हीवरच्या बोलण्याचं गाणं केलं. ते बिलबोर्डच्या यादीत गेलं आणि कमाईत त्यालाही वाटा मिळाला, हे चांगलंच झालं. पण तो बोलत होता घरात घुसून बहिणीवर झालेल्या हल्ल्याबद्दल. ते गाणं उत्तम बांधलेलं आहे, तरी मला ते आजही हसत हसत ऐकता येत नाही.

म्हणून लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी एकदा पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "आवाज बरा आहे रे माझा." आतून काकू म्हणाल्या, "टाक ग्रुपवर. निदान गाण्यात तरी ऐकतील लोक यांचं." काकांची एकच अट होती: शेवटी पाण्याची वेळ लिहायची, सकाळी सहा ते आठ. लिहिली.

व्हिडिओ ग्रुपमधून शेजारच्या सोसायट्यांत गेला. मुलं काकांना पाहिलं की तीच चाल म्हणतात आणि काका शेवटचा 'करा' स्वतः चढवून देतात. तुम्हाला हे करून पाहायचं असेल तर सॉफ्टवेअर नंतर घ्या, फुकटचंही चालतं. आधी घरातल्या एखाद्या चिडक्या माणसाचं बोलणं, त्याला विचारून, रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून दहा वेळा ऐका. आमची टाकी मात्र अजूनही रोज वाहते.